समाजकार्यासाठी निधी संकलन : आवश्यक कौशल्ये आणि गुण

रुग्णालये, वसतिगृहे, वृद्धाश्रम, अंधशाळा, व्यसनमुक्ती केंद्रे अशा असंख्य सेवाभावी संस्था भारतात लोकांनी दिलेल्या पैशावर चालतात. हा पैसा आपोआप येत नाही. तो कोणीतरी मागावा लागतो. हे काम करणाऱ्या व्यक्तीस निधी संकलक असे म्हटले जाते. वक्तृत्व आणि ओळखीपाळखी एवढ्या भांडवलावर हे काम निभावते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्यासाठी लेखन, हिशेब, कायदा आणि लोकस्वभाव यांचे ज्ञान लागते आणि त्याहूनही अधिक, प्रामाणिकपणाची कठोर शिस्त लागते.

या कामाचे स्वरूप इतर व्यवहारांहून वेगळे आहे. बाजारात वस्तू घेणारा ती हाताळून पाहतो, न पटल्यास परत करतो. देणगीदाराला तशी सोय नसते. त्याचा पैसा ज्याच्यासाठी खर्च होणार असतो, त्या व्यक्तीला तो बहुधा कधीच भेटत नाही. पैसा योग्य ठिकाणी पोहोचला किंवा नाही, हे त्याला दुसऱ्याच्या शब्दावरूनच मानावे लागते. तो शब्द देणारा आणि पाळणारा माणूस म्हणजे निधी संकलक. त्याच्या अंगी कोणती कौशल्ये आणि कोणते गुण असावेत, याचा हा आढावा.

पूर्वसूरींचे धडे

भारतातील अनेक नामवंत संस्थांचा इतिहास हा निधी संकलनाचाही इतिहास आहे. पंडित मदनमोहन मालवीय यांनी बनारस हिंदू विद्यापीठासाठी एक कोटी रुपयांचे उद्दिष्ट ठेवून देशभर दौरे केले. त्यासाठी त्यांनी चालती वकिली बाजूला ठेवली. दरभंग्याचे महाराज रामेश्वर सिंह यांच्यासारखे संस्थानिक त्यांच्या शिष्टमंडळात होते. विद्यापीठाचा कायदा १९१५ मध्ये संमत झाला आणि ४ फेब्रुवारी १९१६ रोजी कोनशिला बसविण्यात आली. मागणारा स्वतः काय सोडून आला आहे, याकडे देणाऱ्याचे लक्ष असते, हा त्यातला पहिला धडा होय.

महर्षी धोंडो केशव कर्वे हे फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक होते. मितभाषी, संकोची स्वभावाचे. फर्डे वक्ते म्हणून त्यांची ख्याती नव्हती. तरीही १८९६ मध्ये विधवांच्या आश्रमासाठी संस्था स्थापन केल्यापासून पुढे अनेक दशके ते निधीसाठी फिरत राहिले. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यास १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव देण्यात आले. वयाची सत्तरी उलटल्यावर कर्वे युरोप, अमेरिका व जपानच्या आणि त्यानंतर आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले, तेही संस्थेचे काम सांगण्यासाठी आणि मदत मिळविण्यासाठीच. निधी संकलनास वाक्चातुर्य अनिवार्य नाही, चिकाटी अनिवार्य आहे, याचे हे ठळक उदाहरण आहे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांची पद्धत निराळी होती. १९१९ मध्ये सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी घरोघरी रोज मूठभर धान्य बाजूला काढून ठेवण्याची 'मुष्टिफंड' ही योजना त्यांनी राबविली. ज्या शेतकऱ्याजवळ रोकड नव्हती, त्यालाही यामुळे देणगीदार होता आले. आणीबाणीच्या प्रसंगी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मुलांच्या अन्नासाठी दिले, ही हकिगत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. देणाऱ्याजवळ जे आहे तेच मागावे आणि मागण्याआधी आपल्या घरातून द्यावे, हे दोन्ही नियम या एका संस्थेच्या इतिहासात दिसतात.

ही विद्या शिकता येते

निधी संकलनाची हातोटी जन्मजात असावी लागते, हा समज खोडून काढणारी एक घटना दिल्लीत घडली. ब्रिटनमध्ये अनेक सेवाभावी संस्थांची उभारणी करणारे सेसिल जॅक्सन-कोल १९७४ मध्ये भारतात आले असता, सॅमसन डॅनियल यांनी दिल्लीत वृद्धांसाठी संस्था काढण्याकरिता त्यांच्याकडे आर्थिक साहाय्य मागितले. जॅक्सन-कोल यांनी पैसे देण्याऐवजी पैसे उभे करण्याचे प्रशिक्षण देऊ केले. लंडनमध्ये तीन महिन्यांचे शिक्षण घेऊन परतल्यावर डॅनियल दांपत्याने दिल्लीतील शाळकरी मुलांची पदयात्रा आयोजित केली. चालणाऱ्या प्रत्येक मुलाने नातेवाईक आणि शेजाऱ्यांकडून देणगीचे वचन घ्यायचे, अशी ही पद्धत होती. उपक्रम यशस्वी झाला, अन्य महानगरांत पोहोचला आणि १९७८ मध्ये हेल्पएज इंडिया ही संस्था रीतसर नोंदविली गेली. एकदा मिळालेली रक्कम खर्च होऊन संपली असती. मागण्याची विद्या मात्र संस्थेजवळ राहिली.

साधने मोठी असण्याचीही गरज नसते. १९७९ मध्ये रिपन कपूर या विमान कर्मचाऱ्याने सहा मित्रांसह ५० रुपयांच्या भांडवलावर मुलांच्या हक्कांसाठी 'क्राय' ही संस्था सुरू केली. शुभेच्छापत्रांची विक्री हे या संस्थेच्या निधीचे दीर्घकाळ प्रमुख साधन होते. पत्र घेणाऱ्याला वस्तू मिळत असे, पाठविणाऱ्याचा सणही साजरा होत असे आणि संस्थेचे नाव आणखी एका घरी पोहोचत असे. १९४९ पासून ७ डिसेंबर रोजी पाळला जाणारा सशस्त्र सेना ध्वजदिन हाही याच तत्त्वावर आधारलेला आहे. छातीवर लावलेला छोटासा ध्वज ही पावतीही असते आणि शेजारच्या माणसाला केलेली विनंतीही.

ऐकण्याचे कौशल्य

निधी संकलकाचे पहिले कौशल्य बोलण्याचे नसून ऐकण्याचे आहे. प्रत्येक देणगीमागे देणाऱ्याचे स्वतःचे कारण असते. कोणी आईच्या स्मरणार्थ देतो. कोणी स्वतः वार लावून जेवत शिकलेला असतो म्हणून विद्यार्थ्यांना देतो. कोणाच्या घरात कर्करोगाने मृत्यू झालेला असतो. हे कारण समजण्याआधी माहितीपत्रक पुढे करणारा संकलक बहुधा रिकाम्या हाताने परततो.

भारतात दानाच्या परंपराही अनेक आहेत आणि प्रत्येकीचे नियम वेगळे आहेत. शीख परंपरेत उत्पन्नाचा दहावा भाग, म्हणजे दसवंध, देण्याची शिकवण आहे. इस्लाममध्ये जकात विहित असून ती ठरावीक वर्गातील गरजूंवरच खर्च करता येते. त्यामुळे ती रक्कम स्वीकारणाऱ्या संस्थेने तिचा हिशेब वेगळा ठेवणे इष्ट ठरते. गुप्तदान करणाऱ्याला व्यासपीठावरचा सत्कार नको असतो, तर दुसऱ्या एखाद्याला भिंतीवरील संगमरवरी पाटी महत्त्वाची वाटते. दोघांपैकी कोणाचीही थट्टा करण्याचा अधिकार संकलकास नाही.

शब्दांच्या छटाही ध्यानात घ्याव्या लागतात. मराठीत 'दान' म्हटले की पुण्याचा भाव येतो. 'देणगी' म्हटले की देणाऱ्याचा मोठेपणा येतो. 'वर्गणी' म्हटले की कार्य आपले आणि त्यात आपलाही वाटा, असा अर्थ होतो. मोहल्ल्यातील वाचनालयासाठी वर्गणी मागितली तर लोक सभासदाच्या नात्याने देतात आणि सभासदाच्या हक्काने हिशेबही विचारतात. ज्या संस्थेला कायमस्वरूपी लोकाश्रय हवा आहे, तिने ही चौकशी आपत्ती न मानता ठेव मानावी.

नेमके मागण्याचे धैर्य

नवशिक्या संकलकाची सर्वांत मोठी अडचण म्हणजे संकोच. तो संस्थेची माहिती तासभर सांगतो आणि 'आपल्याला जमेल तसे पाहा' असे म्हणून उठतो. ऐकणाऱ्याला किती द्यायचे, कशासाठी द्यायचे आणि केव्हा द्यायचे, हे कळतच नाही. अनुभवी संकलक या तिन्ही गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगतो आणि मग शांत बसतो. मागणी केल्यानंतरची ती शांतता मोडण्याची घाई न करणे हेही एक कौशल्यच आहे.

उद्दिष्ट आणि मुदत यांची स्पष्टता किती प्रभावी ठरते, हे १९२१ च्या टिळक स्वराज्य फंडावरून दिसते. लोकमान्य टिळकांच्या निधनानंतर उभारलेल्या या निधीसाठी एक कोटी रुपये आणि ३० जून ही मुदत जाहीर करण्यात आली होती. रक्कम प्रचंड होती, पण ती सर्वांना पाठ होती. आणि मुदतीअखेरीस उद्दिष्ट पार झाले.

स्वतःसाठी मागणे आणि दुसऱ्यासाठी मागणे यांतील फरक ज्याच्या मनात पक्का असतो, त्याचा संकोच हळूहळू दूर होतो. नकार मात्र पुष्कळ मिळतात. नकाराचा राग न धरणे, त्याचे कारण नम्रपणे विचारणे आणि पुढील वर्षी त्याच दारी त्याच प्रसन्नतेने जाणे, ही या व्यवसायाची रोजची तालीम आहे. आजचा नकार अनेकदा रकमेला किंवा वेळेला असतो, कार्याला नसतो.

आकडे समजणे आणि समजावणे

हिशेबाची भीती बाळगणारा मनुष्य चांगला निधी संकलक होऊ शकत नाही. एक साधे उदाहरण घेता येईल. समजा, एका वसतिगृहात ४० विद्यार्थी आहेत. प्रत्येकाच्या जेवणाचा खर्च दररोज ६० रुपये आणि वसतिगृह वर्षातून ३०० दिवस चालते. जेवणाचा वार्षिक खर्च ७ लाख २० हजार रुपये होतो, म्हणजे प्रत्येक मुलामागे महिन्याला १,५०० रुपये. हा आकडा आकर्षक आहे आणि अनेक संस्था तोच छापतात. परंतु स्वयंपाक करणाऱ्या बाईंना दरमहा १२ हजार रुपये वेतन द्यावे लागते. ते धरता एकूण खर्च ८ लाख ६४ हजार रुपये आणि प्रत्येक मुलामागे महिन्याला १,८०० रुपये होतो. सर्व ४० मुलांना १,५०० रुपयांचे दाते मिळाले, तरी वर्षाअखेरीस १ लाख ४४ हजार रुपयांची तूट राहते. ती तूट बहुधा त्या बाईंच्या थकलेल्या पगारातून भरली जाते.

'व्यवस्थापनावर एक पैसाही खर्च होत नाही' असे अभिमानाने सांगणाऱ्या संस्थेला म्हणूनच सावधपणे पाहणे योग्य. शिजवणाऱ्याशिवाय अन्न शिजत नाही आणि लेखनिकाशिवाय पावती फाटत नाही. खरा खर्च सांगून तो का आवश्यक आहे हे पटवून देणे, हे संकलकाचे काम आहे. खर्च लपविणे नव्हे.

पैसा किती येतो याइतकेच तो कोठून येतो हेही महत्त्वाचे असते. वरील ८ लाख ६४ हजारांपैकी ५ लाख रुपये एकाच कंपनीकडून येत असतील आणि कंपनीने धोरण बदलले, तर वसतिगृह त्याच वर्षी बंद पडण्याची वेळ येते. हीच रक्कम दरमहा १५० रुपये देणाऱ्या ४८० व्यक्तींकडूनही उभी राहते. तेवढ्यांना शोधणे आणि टिकवणे कष्टाचे आहे. परंतु त्यांतील दहाजण थांबले तरी चूल विझत नाही. केरळमधील वेदनाशामक शुश्रूषेची चळवळ याची साक्ष देते. १९९३ मध्ये कोझिकोडे येथे सुरू झालेल्या कार्यातून पुढे गावोगावच्या स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले आणि असाध्य रुग्णांच्या घरपोच सेवेसाठी स्थानिक लोकांच्या लहान लहान देणग्या हा त्याचा मोठा आधार ठरला.

लेखन आणि भाषा

आवाहनपत्र, प्रकल्प प्रस्ताव, प्रगती अहवाल आणि आभारपत्र, असे चार प्रकारचे लेखन संकलकाला करावे लागते. आवाहनपत्रात एका व्यक्तीची, एका गावाची किंवा एका गरजेची हकिगत परिणामकारक ठरते. प्रस्तावात समस्या, उपाय, कालावधी, अंदाजपत्रक आणि यशाची मोजमापे क्रमाने मांडावी लागतात. अहवालात जे साध्य झाले नाही, तेही नमूद करावे लागते.

भारतासारख्या बहुभाषिक देशात इंग्रजी मसुद्याचा शब्दशः अनुवाद करून पाठविलेले आवाहन बहुधा निष्प्राण ठरते. 'सक्षमीकरण', 'हितसंबंधीय घटक', 'शाश्वत हस्तक्षेप' अशा शब्दांनी भरलेले पत्र वाचून मालेगाव, इंदूर किंवा बेळगावच्या दुकानदाराला संस्थेत नेमके काय चालते याचा बोध होत नाही. 'आमच्याकडे ४० मुली राहतात आणि सकाळी सातला शाळेत जातात' हे वाक्य त्याला कळते. मागणी ज्याच्याकडे करायची, त्याच्या भाषेत विचार करणे ही येथे सौजन्याची नव्हे, परिणामाची बाब आहे.

आभारपत्रास विलंब करू नये. पावती आणि आभार वेळेवर मिळालेला देणगीदार पुन्हा देण्याची शक्यता अधिक असते. काही महिन्यांनी, कोणतीही नवी मागणी न करता, पैशाचे काय झाले हे कळविणारे पत्र पाठविल्यास नाते दृढ होते.

कायद्याचे ज्ञान

सद्‌हेतू हा कायद्याच्या अज्ञानाचा बचाव ठरत नाही. न्यास नोंदणी, वार्षिक लेखापरीक्षण आणि आयकर विभागाकडील नोंदणी या प्राथमिक बाबी आहेत. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांवर धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते.

'८०जी' या नावाने परिचित असलेली आयकर सवलत ही देणगीदारांच्या चौकशीची नेहमीची बाब आहे. दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीस ही सवलत मिळत नाही. नव्या करप्रणालीचा पर्याय स्वीकारलेल्या करदात्यासही ती उपलब्ध नाही. २०२१-२२ या वर्षापासून अशा संस्थांनी देणगीदारांचे वार्षिक विवरणपत्र आयकर विभागाला सादर करणे बंधनकारक झाले. ही माहिती संकलकाने आधीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. सवलतीचे चुकीचे आश्वासन दिल्यास देणगीदार एकदाच फसतो आणि कायमचा दुरावतो.

विदेशी देणग्यांसाठी विदेशी अंशदान नियमन कायदा, २०१० लागू आहे. सप्टेंबर २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार असा निधी भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील विहित खात्यातच स्वीकारावा लागतो. प्रशासकीय खर्चाची कमाल मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणण्यात आली, तसेच हा निधी दुसऱ्या संस्थेकडे हस्तांतरित करण्यास मनाई करण्यात आली. परदेशातील महाराष्ट्र मंडळे किंवा आप्तेष्ट यांच्याकडे मदत मागताना एक भेद लक्षात ठेवणे अत्यावश्यक आहे. भारतीय पारपत्र धारण करणाऱ्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी अंशदान मानली जात नाही. मात्र परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीची देणगी तशी मानली जाते. दोघे एकाच घरात राहणारे सख्खे भाऊ असले तरी हा नियम बदलत नाही.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ अन्वये विहित निकषांत बसणाऱ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करावी लागते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून अमलात आली. कंपनीशी व्यवहार करताना कळकळीपेक्षा वेळापत्रक, मोजता येणारे परिणाम आणि कागदपत्रांची पूर्तता यांना अधिक महत्त्व असते. व्यक्ती आणि कंपनी या दोन्ही दारी एकच भाषण चालत नाही.

नैतिक मर्यादा

निधी संकलकाची खरी कसोटी पैसा मिळत असताना लागते. १९३३-३४ मध्ये महात्मा गांधींनी अस्पृश्यता निवारणासाठी देशव्यापी दौरा केला. सुमारे १२,५०० मैलांच्या या दौऱ्यात हरिजन निधीसाठी जवळपास आठ लाख रुपये जमले. सभांमध्ये मिळालेल्या मानपत्रांचा ते तेथेच लिलाव करीत आणि स्वाक्षरीसाठीही पैसे घेत. जानेवारी १९३४ मध्ये मलबारमधील वडकरा येथील सभेत कौमुदी नावाच्या तरुणीने हातातील बांगड्या, गळ्यातील हार आणि कर्णभूषणे एकेक करून काढून दिली. गांधीजींनी ती घेण्याआधी आईवडिलांची संमती आहे काय, अशी विचारणा केली. हे दागिने पुन्हा करून घ्यायचे नाहीत, याचीही त्यांनी तिला जाणीव करून दिली. भर सभेत भारावलेल्या क्षणी येणारे दानही विचारपूर्वक आलेले असावे, हा आग्रह तेथे होता. भावनेच्या भरात मिळणारी रक्कम घेऊन पुढे निघणे सोपे असते. देणाऱ्याला थांबून विचार करू देणे कठीण असते.

देणगीदाराइतकाच लाभार्थीचाही मान राखणे आवश्यक आहे. कृश बालकाचे किंवा रुग्णाचे छायाचित्र छापल्यास निधी वेगाने जमतो, असे मानले जाते. परंतु ती व्यक्ती किंवा तिचे पालक यांची समजून-उमजून दिलेली संमती आहे काय, हे छायाचित्र उद्या तिच्या गावात पोहोचले तर तिला मान खाली घालावी लागेल काय, हे प्रश्न संकलकाने आधी विचारले पाहिजेत. मोबाइलवरून क्षणार्धात पसरणाऱ्या आवाहनांच्या आजच्या काळात एकदा प्रसृत झालेले छायाचित्र मागे घेता येत नाही.

संकलकाचे पारिश्रमिक हाही नैतिकतेचा विषय आहे. जमा रकमेच्या टक्केवारीवर मेहनताना देण्याची पद्धत काही ठिकाणी आढळते. अमेरिकेतील निधी संकलकांच्या प्रमुख व्यावसायिक संघटनेची आचारसंहिता तिला मनाई करते. टक्केवारीवर काम करणाऱ्याचे लक्ष देणगीदाराच्या इच्छेवरून स्वतःच्या वाट्याकडे वळण्याचा धोका असतो, हे त्यामागील कारण आहे. संकलकाला ठरावीक आणि सन्माननीय वेतन मिळावे आणि त्याची माहिती विश्वस्तांना असावी, हे अधिक योग्य.

काही देणग्या नाकाराव्या लागतात. ज्या पैशाचा उगम संशयास्पद आहे, ज्या देणगीसोबत संस्थेच्या उद्दिष्टाविरुद्ध अट आहे किंवा जी स्वीकारल्यास लाभार्थींचे अहित होईल, ती परत करण्याचे धाडस लागते. तंबाखू कंपनीकडून कर्करोग रुग्णालयाने पैसे घ्यावेत काय, यासारखे प्रश्न प्रसंग ओढवल्यावर नव्हे, तर आधीच विश्वस्त मंडळाच्या बैठकीत चर्चिले जावेत आणि त्यांविषयीचे धोरण लेखी असावे.

व्यवसाय म्हणून निधी संकलन

भारतातील मोठ्या संस्थांमध्ये निधी संकलनाचे स्वतंत्र विभाग आहेत. २००४ पासून होणारी मुंबई मॅरेथॉन अनेक संस्थांसाठी निधी उभारण्याचे साधन ठरली. २००९ मध्ये सुरू झालेला आणि पुढे 'दान उत्सव' या नावाने ओळखला जाऊ लागलेला सप्ताह दरवर्षी २ ते ८ ऑक्टोबरदरम्यान साजरा होतो. महाजालावरील लोकनिधी मंच आणि २०१६ पासून प्रचलित झालेली यूपीआय प्रणाली यांमुळे शंभर रुपयांची देणगीही सहज देता येते. त्याबरोबरच फसव्या आवाहनांचा धोकाही वाढल्याने, नोंदणी क्रमांक, लेखापरीक्षित ताळेबंद आणि विश्वस्तांची नावे स्वतःहून जाहीर करणाऱ्या संस्थेला अधिक विश्वास लाभतो.

या क्षेत्रात येण्यासाठी कोणतीही एकच पदवी आवश्यक नाही. समाजकार्य, वाणिज्य, पत्रकारिता आणि भाषा या शाखांचे पदवीधर येथे काम करताना दिसतात. सुरुवात करणाऱ्याने प्रथम काही आठवडे संस्थेच्या प्रत्यक्ष कामात घालवावेत. रुग्णाच्या खाटेशेजारी किंवा शाळेच्या वर्गात बसलेला संकलक जे सांगतो, ते माहितीपत्रक पाठ केलेल्याच्या बोलण्याहून वेगळे असते. त्यानंतर त्याने स्वतः त्याच कार्याला यथाशक्ती देणगी द्यावी. रक्कम लहान असली तरी चालते. पैसे देताना हाताला काय वाटते, हे त्याला त्यातून कळते.

लहान गावातील संस्थेला स्वतंत्र संकलक नेमणे परवडत नाही. तेथे हे काम मुख्याध्यापक, डॉक्टर किंवा एखादा निवृत्त बँक कर्मचारी करतो. अशांसाठी तीन नियम पुरेसे आहेत. प्रत्येक देणगीची पावती त्याच दिवशी द्यावी. वर्षातून एकदा जमाखर्च दर्शनी फलकावर लावावा. ज्याने एकदा दिले, त्याला संस्था पाहण्यासाठी बोलवावे.

निधी संकलन म्हणजे हात पसरणे नव्हे. ज्याला द्यायचे आहे पण वाट माहीत नाही आणि ज्याला गरज आहे पण मागता येत नाही, त्या दोघांची गाठ घालून देण्याचे हे काम आहे. त्यातील तंत्रे प्रशिक्षणाने साध्य होतात. पै-पैचा हिशेब देण्याची सवय मात्र पहिल्या पावतीपासूनच लावून घ्यावी लागते, कारण दुसरी देणगी त्या हिशेबावरच मिळते.